शनीची लेकरं

शनी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? साडेसाती, शिंगणापूर, शनिवारचं तेल आणि घरात कुणीतरी मोठ्यानं वाचलेलं शनिमाहात्म्य. एका राशीत अडीच वर्षं बसतो, म्हणून तीन राशींचे साडेसात. हळू चालतो म्हणून शनैश्चर. संस्कृतात तर त्याला सरळ 'मंद' असंच एक नाव आहे. कवी, चित्रकार, गाणारे वगैरे हळव्या मंडळींसाठी आपल्याकडे चंद्र आणि शुक्र आहेत. त्यांच्याशी शनीचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

युरोपात मात्र हा संबंध असा काही चिकटला की उदास, घुम्या माणसाला इंग्रजीत अजूनही शनीवरूनच विशेषण लावतात. आणि 'कलावंत म्हटला की तो आतून दुःखी असणारच' हे जे आपण आज मराठी सिनेमातसुद्धा बघतो, त्याचं एक मूळ इथे सापडतं. हे जुळवून आणणारा माणूस फ्लॉरेन्सचा, आणि ते त्यानं केलं स्वतःची पत्रिका समोर ठेवून!

मार्सिलियो फिचिनो. जन्म १९ ऑक्टोबर १४३३. वडील कोझिमो द मेदिचीचे वैद्य. कोझिमोनं या पोराची हुशारी हेरली, ग्रीक हस्तलिखितं दिली, कारेजी गावात घर दिलं आणि सांगितलं, प्लेटो लॅटिनमध्ये आण. फिचिनोनं तो सगळाच्या सगळा आणला. १४८४ मध्ये छापून निघाला. मधल्या काळात, १४७३ साली, तो पाद्रीही झाला होता. जिओव्हानी कोर्सी नावाच्या माणसानं १५०६ साली त्याचं छोटंसं चरित्र लिहिलंय, त्यात तो दिसतो तो असा : अगदी बुटका, पाठीला किंचित पोक, बोलताना अडखळणारा. चारचौघांत हसतखेळत असायचा, एकटा असला की मिटून जायचा.

हे एकटेपणीचं मिटणं त्याला फार छळायचं आणि त्याचं कारण त्याला ठाऊक होतं. जन्मवेळी कुंभ लग्न, आणि शनी कुंभेतच! त्या काळच्या ज्योतिषात शनीच्या वाट्याला म्हातारे, भिकारी, लंगडे, गुन्हेगार, कातडी कमावणारे अशी मंडळी असत. 'शनीची लेकरं' अशी चित्रंच काढत असत. वैद्यकात शनीचा द्रव म्हणजे काळं पित्त. ग्रीकमध्ये 'मेलँकोलिया' या शब्दाचा अर्थ नेमका हाच, काळं पित्त. (आमसुलाच्या साराने बसणाऱ्या आपल्या पित्ताशी गल्लत नको.)

इथे थोडी गणिताची गंमत. त्याची पत्रिका सायन. १४३३ साली अयनांश सोळाच्या आसपास येतात. म्हणजे आपल्या निरयन पद्धतीनं मांडली तर कुंभेतला शनी फार तर मागे मकरेत सरकेल. पण मकर आणि कुंभ, दोन्ही शनीच्याच राशी. सदाशिव पेठेतल्या ज्योतिषानं 'शनी स्वगृही आहे, काही काळजी करू नका' म्हणून चहा पाजून परत पाठवला असता :) डेटा तोच, रिपोर्ट वेगळा.

तर १४७० च्या दशकात कधीतरी फिचिनोनं आपल्या जिवलग मित्राला, जिओव्हानी काव्हालकांतीला, पत्र लिहून शनीच्या नावानं भरपूर रडून घेतलं. मित्र खमका निघाला. त्याचं उत्तर थोडक्यात असं की बाबा रे, ही बुद्धी, ही स्मरणशक्ती कुठून आली मग? ज्यानं एवढं दिलं त्यालाच शिव्या काय देतोस? यावर फिचिनोचं जे पत्र आहे ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाटतं. तो पूर्ण पटल्याचं म्हणत नाही. म्हणतो, हा स्वभाव कडूच आहे, वरचेवर वीणा वाजवून थोडा गोड करून घ्यावा लागतो. आणि तो शनीकडूनच आला असेल तर मग ॲरिस्टॉटलच्या आधारानं त्याला दैवी देणगी म्हणतो झालं. 'झालं' हा माझा शब्द, पण सूर तोच आहे.

ॲरिस्टॉटलचा आधार म्हणजे त्याच्या नावावरच्या 'प्रॉब्लेम्स' नावाच्या ग्रंथातलं एक प्रकरण. (ते बहुधा त्याच्या शिष्यपरंपरेतल्या कुणाचं आहे, असं आता मानतात.) त्यात प्रश्न विचारलाय की तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य, कला यांत मोठी झालेली सगळी माणसं काळ्या पित्ताचीच का असतात? तिकडे हा प्रश्न, इकडे ज्योतिषातला शनी. फिचिनोनं दोन्ही वायरी जोडल्या. भिकाऱ्यांचा ग्रह प्रतिभावंतांचा झाला.

१४८९ साली त्याचं 'दे व्हिता' हे तीन भागांचं पुस्तक आलं. अभ्यासू माणसानं तब्येत कशी राखावी, दीर्घायुषी कसं व्हावं आणि आकाशातून बळ कसं मिळवावं. हे पुस्तक बरेचदा उदासीचं स्तोत्र असल्यासारखं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती औषधांची चिठ्ठी आहे! रात्री जागू नका. उन्हात बसा. हिरवळीत, पाण्याच्या कडेनं फिरा. दालचिनी घ्या, थोडी वाईन घ्या, सुगंध घ्या, गा. शनी जड झाला तर सूर्य, गुरू आणि शुक्र यांच्या वस्तू जवळ करा. तो स्वतः वीणेवर ऑर्फियसची स्तोत्रं म्हणत असे. ग्रहांच्या मूर्ती वगैरे मजकुरामुळे त्याच्यावर जादूटोण्याचा संशय आला, पोपपर्यंत गेला, आणि सुटला. आज ग्रहांचा भाग काढून टाकला तरी बाकीची चिठ्ठी कुठलाही समंजस डॉक्टर लिहून देईल. ग्रहांचा भाग मला पटत नाही, पण त्याच्याशिवाय फिचिनोला आपल्या दुःखाबद्दल बोलताच आलं असतं का, याची शंका आहे. पाद्री माणूस, विद्वान, मोठ्यांच्या आश्रयाला. 'मला उगाचच रडू येतं' हे तो कुणाला सांगणार? 'माझा शनी असा आहे' हे सांगता येत होतं.

एक बारीकशी गोष्ट. फिचिनोच्या यादीत चित्रकार नव्हते. त्याची सगळी काळजी पंडित आणि कवींची. चित्रकार तेव्हा कारागिरांत जमा. ते या यादीत घुसले ते आल्प्सच्या पलीकडे. १४९७ साली न्यूरेम्बर्गमध्ये फिचिनोची पत्रं छापली गेली आणि छापणारा होता आंतोन कोबर्गर, म्हणजे आल्ब्रेख्त ड्यूररचा धर्मपिता.

ड्यूररचं 'मेलेंकोलिया १' तुम्ही कुठेतरी पाहिलं असेलच. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, आकारानं वहीच्या पानापेक्षा जरासंच लहान, साल १५१४. पंखवाली एक बाई गालाला मूठ लावून बसलीये. हातात कंपास आहे, पण काही मोजत नाहीये. पायाशी करवत, रंधा, खिळे, हाडं वर आलेलं कुत्रं. मागे तराजू, वाळूचं घड्याळ, घंटा, आणि भिंतीवर सोळा घरांचा जादूचा चौरस. उभी, आडवी, तिरकी, कुठलीही बेरीज ३४. खालच्या ओळीत मधली दोन घरं १५ आणि १४, म्हणजे चित्राचं साल! (३४ बेरजेचा चौतीसा यंत्र खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातही कोरलेला आहे, मांडणी वेगळी. दोघांचा संबंध गणितापुरताच.) त्या काळच्या युरोपी यंत्रविद्येत चार बाय चारचा चौरस हा गुरूचा. पॅनोफ्स्की वगैरे अभ्यासकांनी त्यावरून लावलेला अर्थ असा की हा शनीवरचा उतारा आहे. म्हणजे फिचिनोची चिठ्ठी भिंतीवर लावलेली आहे.

पण चित्रातल्या बाईला गुण आलेला दिसत नाही. सगळी हत्यारं आहेत, ज्ञान आहे, पंखसुद्धा आहेत, आणि काम होत नाहीये. हे बघून दुःखातून कला जन्मते असं म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ड्यूररनं आपल्या आईचं कोळशानं चित्र काढलं : खप्पड गाल, ताणलेल्या शिरा. अठरा बाळंतपणं झालेली बाई. मे महिन्यात ती गेली. 'मेलेंकोलिया' त्यातून आलं असं म्हणायला पुरावा नाही. मात्र चित्रकलेवरच्या पुस्तकासाठी त्यानं जे कच्चे मसुदे केले होते, त्यात एक सूचना आहे. शिकणारा पोरगा कामाच्या अतिरेकानं उदास व्हायला लागला, तर त्याला तंतुवाद्य वाजवायला लावा. पुन्हा वीणाच!

पुढे याची फॅशन झाली. सोळाव्या शतकात शनीची लेकरं म्हणवून घेणं भूषणाचं झालं, औषधाची चिठ्ठी मागे पडली आणि आजाराचं सर्टिफिकेट तेवढं उरलं. मग रुबेन्ससारखे दरबारी, नीटनेटके, बक्कळ काम करणारे चित्रकार आले आणि ही हवा जरा ओसरली.

शेवटचा शनिवाला मला आवडतो तो ऑक्सफर्डचा रॉबर्ट बर्टन. १६२१ साली त्यानं उदासीवर एक अवाढव्य ग्रंथ काढला. कशासाठी? तर स्वतः उदास होऊ नये म्हणून हात कामात गुंतवायला, हे त्यानंच लिहून ठेवलंय. आणि हा प्रोजेक्ट काही संपेना. १६२४, १६२८, १६३२, १६३८, दर आवृत्तीला भर. बर्टन जानेवारी १६४० मध्ये वारला. क्राइस्ट चर्चच्या कॅथीड्रलमध्ये त्याचा अर्धपुतळा आहे आणि शेजारी त्याची पत्रिका दगडात कोरलेली आहे. त्यानं मृत्यूचं साल पत्रिकेवरून आधीच काढलं होतं आणि ते खरं ठरावं म्हणून स्वतःच जीव दिला, अशी कुजबुज तेव्हा विद्यार्थ्यांत होती. अँथनी वुडनं ती नोंदवलीये, पुरावा कसलाच नाही. ग्रंथाची सहावी आवृत्ती १६५१ साली निघाली, त्यानं मागे ठेवलेल्या दुरुस्त्यांसकट.