समकालिक जनित्राची चाचणी व चुंबकीय संपृक्तता

समकालिक जनित्राच्या क्षेत्र गुंडाळीतील प्रवाह वाढवीत नेल्यास निर्माण होणारा विद्युत् दाब प्रथम त्याच्या सम प्रमाणात वाढतो. पुढे लोखंड संपृक्त होऊ लागते व वाढ मंदावते. जनित्राचा असा वक्र जॉन हॉपकिन्सन (१८४९–९८) ह्या इंग्रज अभियंत्यांनी १८७९ मध्ये एकदिश प्रवाहाच्या यंत्राकरिता काढला. यंत्राची मापे व लोखंडाचे गुणधर्म ह्यांवरून तो आधीच गणिताने कसा काढावा, हे त्यांनी आपले बंधू एडवर्ड ह्यांच्यासह १८८६ मध्ये दाखविले.

लाउफेन ते फ्रँकफुर्ट हे १७५ किमी. अंतराचे त्रिकला प्रेषण १८९१ मध्ये यशस्वी झाल्यावर प्रत्यावर्ती प्रवाहाची जनित्रे झपाट्याने मोठी होत गेली. त्यांना कारखान्यातच पूर्ण भार देऊन पाहणे दुरापास्त झाले. तेवढे सामर्थ्यवान एंजिन तेथे नसे आणि निर्माण होणारी वीज खपविण्याची सोयही नसे. ग्राहकाला तर पूर्ण भार एकाएकी काढल्यास दाब शेकडा किती चढेल, ह्याची हमी हवी असे. हा दाब फार चढला, तर दिवे जळून जाण्याची भीती होती.

बेन-एशेनबुर्ख ह्यांनी ह्यावर दोन सोप्या चाचण्यांचा उपाय सुचविला : एक अग्रे उघडी ठेवून व दुसरी ती परस्परांस जोडून. दोहोंतील मूल्यांच्या गुणोत्तरावरून यंत्राचा संरोध मिळतो. परंतु अग्रे जोडली असता दाब जवळजवळ शून्य असतो, म्हणून लोखंड मुळीच संपृक्त होत नाही. प्रत्यक्ष कामातील संरोध त्याहून कमी असल्याने ह्या रीतीने येणारी दाबवाढ अवास्तव मोठी असे. अँपिअर-वेढ्यांची बेरीज करणारी रोथर्ट ह्यांची रीत उलट दिशेने चुके. एकाच यंत्राची अशी दोन उत्तरे येत. त्यांपैकी उत्पादकास कोणते सोयीचे होते, हे सांगावयास नको.

ही कोंडी आल्फ्रेद पोत्ये (१८४०–१९०५) ह्या फ्रेंच प्राध्यापकांनी १९०० मध्ये फोडली. (इंग्लिश खाडीच्या तळाचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण करणारे पोत्ये हेच.) कमी उद्दीपित समकालिक चलित्र जोडून जनित्राला शून्य शक्तिगुणकाचा भार द्यावा, ही त्यांची युक्ती. त्यामुळे पूर्ण प्रवाह वाहतो, दाबही पूर्ण असतो, लोखंड खरोखर संपृक्त होते. एंजिनाला मात्र केवळ यंत्रातील व्ययच भरून काढावा लागतो. हा वक्र व भाररहित वक्र ह्यांमध्ये एक काटकोन त्रिकोण बसतो. त्याची उभी बाजू गळती स्रोतामुळे होणारी दाबाची घट, तर आडवी बाजू आर्मेचर प्रतिक्रिया दर्शविते.

उठावदार ध्रुवांच्या यंत्रात क्षेत्र गुंडाळीचा गळती स्रोत ध्रुवांना अधिक संपृक्त करतो, त्यामुळे पोत्ये मूल्य खऱ्या गळती मूल्याहून मोठे येते. तरीही ही चाचणी आंतरराष्ट्रीय मानकांत टिकून आहे.