नमुना उत्तीर्ण झाला; हातातल्या गाडीचे काय?

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, शाळांच्या सहलींना रणगाडा संग्रहालयामुळे ठाऊक असते. याच शहराजवळ संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिचे मुख्य काम लष्करी वाहनांचे. तरी आपल्या साध्या मोटारींशीही तिचा संबंध येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार कारखानदाराला नव्या वाहनाचा नमुना ठरावीक संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. त्या संस्थांमध्ये नगरची ही संस्था आहे आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनही आहे.

यातला 'नमुना' हा शब्द महत्त्वाचा. तपासणी होते ती नमुन्याची, आणि तीही त्या दिवशी लागू असलेल्या नियमांनुसार. जुनी छोटी गाडी घेणाऱ्याच्या हाती येते ती मात्र त्या नमुन्यावरून बनलेल्या लाखो गाड्यांपैकी एक. तेव्हा तिचे नियम कोणत्या वर्षीचे होते, हे आधी पाहायला हवे.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या त्या गाड्या. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवायची, पण अडथळ्याला भिडतो तो गाडीच्या रुंदीचा सुमारे ४० टक्केच भाग, अशी ही चाचणी होती. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्या बेकायदा नव्हत्या. अशी चाचणी आपल्याकडे तेव्हा बंधनकारकच नव्हती.

यात एक बारकावा आहे. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा धडकेत टिकला, उरलेल्या तिघींचा अपुरा ठरला. पुढे दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोची चाचणी झाली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. नाव तेच, गुण शून्य आणि चार! म्हणून 'पोलोला किती तारे?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या प्रकारच्या पोलोला, हे विचारावे लागते. आणि जिथे सांगाडाच दुमडतो, तिथे केवळ एअरबॅग लावून भागत नाही.

१ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना समोरच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली. तिचा वेग ताशी ५६ किलोमीटर. ६४ आणि ५६ यांत फरक तो काय, असे विद्यार्थी म्हणतील. त्यांना फळ्यावर गणित करू द्यावे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६४ ला ५६ ने भागून वर्ग केला की सुमारे १.३१ येतात. म्हणजे वेग १४ टक्के जास्त, पण पचवावी लागणारी ऊर्जा ३१ टक्के जास्त. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशासाठी नव्या मॉडेलांत एप्रिल २०२१ पासून. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'भारत एनकॅप' ही आपली तारांकन पद्धत सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. तिचा वेग पुन्हा ६४.

नमुना चांगला असूनही एखादी तुकडी सदोष निघू शकते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये पिशवी फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. अनेक वर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने ते बिघडे. मग धडकेच्या वेळी त्याचे ज्वलन बेफाम होई, धातूचे कवच फुटे आणि रक्षण करणारी वस्तूच तुकडे फेकी. जानेवारी २०१७ मध्ये होंडाने भारतात ४१,५८० गाड्या याच कारणाने परत बोलावल्या. त्या २०१२ साली बनलेल्या होत्या आणि त्यांत जॅझ ही छोटी गाडीही होती. हा दोष नव्या नमुन्याच्या धडक-चाचणीत दिसणारा नव्हता. तो काळाने उघड केला.

गाड्या परत बोलावण्याचा वाहन उद्योगाचा नियम २०१२ पासून ऐच्छिक होता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११० अ हे कलम आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण ते सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. जुन्या बाजारातल्या बऱ्याच गाड्या त्या मर्यादेपलीकडच्या असतात. शिवाय गाडीने मालक बदलला की कंपनीचे पत्र पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर जाण्याची शक्यता असते.

म्हणून गाडी पसंत करताना रंग आणि टायर यांच्या आधी नोंदणी पुस्तकातला उत्पादनाचा महिना व वर्ष वाचावे. एअरबॅग किती, हे स्वतः पाहावे. तारे कोणत्या प्रकाराला व कोणत्या वर्षी मिळाले, ते तपासावे. आणि चासी क्रमांक अधिकृत विक्रेत्याला देऊन या गाडीची एखादी दुरुस्ती बाकी आहे का, ते विचारावे. नमुन्याची परीक्षा संस्था घेते. हातातल्या गाडीची परीक्षा घेणारा बहुधा आपणच असतो.