माथेरानच्या तांबड्या वाटा

इ. स. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाकडून माथेरानचा डोंगर चढून गेले, ही हकीकत प्रवासी-पुस्तिकांतून इतक्या वेळा आली आहे की, त्या साहेबांपूर्वी त्या रानात मनुष्याचे पाऊल पडलेच नव्हते, असा भोळ्या वाचकाचा समज व्हावा. वस्तुतः ठाकूर, कातकरी व धनगर यांचा वावर त्या डोंगरात पूर्वापार होता. साहेबी अमदानीत वाटा रुंदावल्या, आणि पायी चालणाराच्या जोडीला त्यांवर घोडा, हमाल व हातरिक्षा आली, एवढेच.

या डोंगराचा माथा जांभ्या दगडाचा. उन्हाळ्यात घोड्यांच्या टापांनी तांबडी माती उकरली जाऊन तिचा फुफाटा होतो, आणि आषाढ लागला की तोच फुफाटा लाल ओहळांच्या रूपाने दरीत उतरतो. मागे राहतात त्या झाडांच्या उघड्या पडलेल्या मुळ्या. म्हणून अशा वाटेचे सारे शास्त्र पाण्याची वासलात लावण्यात आहे: डोंगराच्या अंगाला नाली, ठिकठिकाणी आडवी मोरी, दरीच्या अंगाला सुट्या दगडांची रचाई, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा मातीची भर.

१९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या उद्योगाने नेरळची आगगाडी वर पोहोचली. पण मोटारीला गावबंदी कायम राहिली, आणि २००३ साली केंद्र सरकारने हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला.

खरा तंटा अलीकडचा. धूप थांबावी म्हणून रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसविले, तेव्हा त्यांवरून घोडे घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार आली. उलट हातरिक्षाच्या जागी आणलेल्या ई-रिक्षाला टणक पृष्ठभागावाचून गत्यंतर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मोटारी जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकांस मुभा दिली, आतल्या रस्त्यांना व डोंगरवाटांना मनाई केली, आणि हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे फर्मावले. माणसाने माणसास ओढावे ही चाल इतकी वर्षे कोणास खटकली नसेल तर नवल. ती मोडण्यासाठी रस्त्याचा एक पट्टा टणक झाला, तर प्रस्तुत लेखकाची त्यास हरकत नाही. आतल्या वाटा मात्र मातीच्याच असाव्यात, आणि त्यांच्या दुरुस्तीची तजवीज दरसाल दिवाळीपूर्वी व्हावी.