महाधमनीची शस्त्रक्रिया आणि कष्टकऱ्याचे पाय

हृदयापासून निघून छातीतून पोटात उतरणारी महाधमनी ही शरीराची मुख्य रक्तवाहिनी होय. तिची भिंत दुबळी झाली की ती फुगते, आणि तो फुगा फुटला तर माणूस बहुधा हाती लागत नाही. पोटातला असा फुगा काढून टाकून रोगी वाचविण्याचे काम पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी २९ मार्च १९५१ रोजी केले. मृताच्या धमनीचा तुकडा त्यांनी त्या जागी जोडला.

पण असे तुकडे किती मिळणार? उत्तर मिळाले कापडात. अमेरिकेत व्हूर्हीस यांनी १९५२ साली कापडी नळीचे प्रयोग प्रसिद्ध केले. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकींनी डेक्रॉनच्या नळ्या स्वतः शिवणयंत्रावर शिवल्या. पुढे वस्त्रतज्ज्ञ टॉमस एडमन यांनी त्या विणणारे यंत्र घडविले. गिरण्यांच्या बार्शी-सोलापूरशेजारी राहणाऱ्या आपण परंडेकरांनी हे ध्यानी धरावे की, या यशात विणणाराचाही वाटा आहे.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात, परळला, १९२६ साली उघडलेल्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन, डॉ. परुळकर, डॉ. किणरे प्रभृतींनी महाधमनीच्या दाहाचा अभ्यास केला; १९७३ साली १०१ रोग्यांवरील त्यांचा ग्रंथ निघाला.

फुगा छाती-पोट दोन्हींत पसरला असला की खरी कसोटी लागते. शस्त्रक्रियेपुरता महाधमनीला चिमटा लावावा लागतो, मज्जारज्जूचे रक्त तुटते आणि पाय लुळे पडू शकतात. ह्यूस्टनच्या क्रॉफर्ड यांच्या १९६० ते १९९१ मधील १,५०९ रोग्यांपैकी ९२ टक्के तीस दिवसांनंतर हयात होते. पण १६ टक्क्यांच्या पायांची शक्ती पूर्ण वा अंशतः गेली. हा उणा आकडाही त्यांच्या गटाने १९९३ साली छापला, म्हणून पुढची वाट सापडली: मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढणे, शरीर थंड राखणे, बरगड्यांमधील धमन्या पुन्हा जोडणे. २०१६ साली कोसेली यांनी ३,३०९ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. मोजण्याची रीत तंतोतंत तीच नव्हती, तरी पाय कायमचे लुळे पडण्याचे प्रमाण त्यात ३ टक्क्यांच्या आत होते.

हमाल, शेतमजूर, विणकर यांचे पोट पायांवर चालते. म्हणून मोठ्या शहरात रोगी नेताना आपण डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: माणूस वाचेल का, आणि चालेल का? अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या, त्यांतले किती जण आपल्या पायांनी घरी गेले, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. तो रोग्याचा हक्कच आहे.