डिस्क ब्रेकचा शोध कधी लागला? एक फसवा प्रश्न

आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहितोय. संशोधनाला सुरुवात करणार असाल तर तुम्हाला उपयोगी पडेल.

प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘डिस्क ब्रेकचा शोध १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर यांनी लावला.’ बर्मिंगहॅमच्या या अभियंत्याने त्या वर्षी पेटंट घेतलं, हे खरंच आहे. पण मॅडमनी समासात एवढंच विचारलं, ‘मग पुढची पन्नास वर्षं जवळपास सगळ्या मोटारी ड्रम ब्रेकवरच का धावल्या?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तराचं टोक सापडलं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मामाच्या जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क झिजल्या होत्या आणि त्या घरीच बदलायच्या ठरल्या. जॅक लावून खाली स्टँड दिले, चाक काढलं, कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजली तर त्याहून कमी भरली. पण डिस्क काही निघेना! गंजाने ती हबला घट्ट धरून बसलेली. तास-दीड तास हातोडी चालली. मामा म्हणाला, “अरे, ड्रम कसा झाकलेला असतो. ही बिचारी उघडी. पाणी, चिखल सगळं हिच्याच अंगावर.”

या ‘उघडी’ शब्दाशी मी अडकलो. ड्रम तापला की फुगतो, आतल्या ब्रेक शूपासून लांब जातो आणि पकड ढिली होते. डिस्क उघडी असल्यामुळे लवकर थंड होते. पण त्याच उघडेपणामुळे ती धूळ आणि गंजही झेलते. लँचेस्टर यांच्या डिस्कवर तांब्याचे तुकडे घासायचे. तेव्हाच्या धुळकट रस्त्यांवर ते भराभर झिजत आणि कर्कश आवाज करत. अमेरिकेत क्रॉस्ली कंपनीने १९४९ साली डिस्क ब्रेक दिले. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ते गंजून अडकू लागले आणि कंपनी पुन्हा ड्रमकडे वळली. १९५३ साली ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेली जॅग्वार जिंकली. वेगातून वारंवार ब्रेक मारूनही पकड टिकते, हे तिथे जगासमोर आलं. १९५५ साली सित्रोएन डीएस या घरगुती वापराच्या गाडीला पुढे डिस्क आल्या.

म्हणजे १९०२ ही कल्पनेची तारीख होती, वापराची नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन हेच सांगतात: तंत्रज्ञानाचा इतिहास फक्त शोधांचा लिहू नका, वापराचा आणि देखभालीचाही लिहा.

मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. दीड महिना गेला, पण आता त्यात क्रॉस्लीचं अपयशही आहे. आधीच्या मसुद्यात त्याला जागाच नव्हती.

तुमच्या विषयात ‘पहिला’ हा शब्द आला की तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट रोजच्या वापरात कधी आली? मधल्या काळात ती कुठे फसली? आणि बिघडली की ती दुरुस्त कोण करायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेटंटमध्ये मिळत नाही. त्यासाठी दुरुस्तीची मॅन्युअल वाचा, जुन्या फिटरशी बोला. आणि जमलं तर एकदा स्वतः हात काळे करा.