विरारला थांबलेली डीसी आता आपल्या छतावर

पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात घरांच्या स्लॅबवर आणि एमआयडीसीच्या शेडवर सोलर पॅनल चढतायत. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी जाहीर झाली. सबसिडी आणि बिल यावर सगळे बोलतात. पॅनलची वीज तोडणाऱ्या छोट्या डब्यावर, म्हणजे डीसी आयसोलेटरवर, कुणी बोलत नाही. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. पश्चिमेच्या लाइनवर ही डीसी 1928 ला बोरिवलीपर्यंत आणि 1936 ला विरारपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे 1970 च्या दशकात विरारच्या उत्तरेला वायर लागली ती 25,000 व्होल्ट एसीची. त्यामुळे मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांना दोन्हींवर चालणारी इंजिनं लागायची. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 ला सुरू झालं, तिथून निघणारी वीजही एसी. फेब्रुवारी 2012 मध्ये चर्चगेट-विरारची डीसीसुद्धा गेली.

थोडक्यात, आपल्याकडच्या वायरमनचा हात पिढ्यान् पिढ्या एसीवर बसलाय. आणि गोची इथेच आहे.

आपली एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते. स्विच उघडताना आर्क पेटला तरी त्या शून्याला विझायची संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. आर्क तसाच जळत राहतो, संपर्क वितळतात, डबा पेटतो. म्हणून रेल्वेचे डीसी ब्रेकर खास असायचे, चुंबकाच्या जोरावर आर्क ताणून विझवणारे.

आता हिशोब करा. एका पॅनलचे साधारण 50 व्होल्ट धरले तर ओळीने जोडलेल्या 10 पॅनलचे 500 व्होल्ट डीसी झाले, थंडीच्या सकाळी आणखी थोडे जास्त. तिथे घरातला साधा एसी एमसीबी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चांगल्या हेतूचा नियमसुद्धा कसा उलटतो, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. 2012 च्या मानकाने छतावर पॅनलजवळच आयसोलेटर सक्तीचा केला. ऊन-पावसाने डबे तडकले, पाणी शिरलं आणि सुरक्षेसाठी लावलेला स्विचच आगीचं कारण ठरू लागला. 2021 मध्ये ती सक्ती काढावी लागली. आपल्याकडे तर चार महिने धो-धो पाऊस, समुद्राची खारी हवा आणि तारापूर एमआयडीसीची रसायनं!

म्हणून सोलर बसवणाऱ्याला हे विचारा:

1. स्विचवर आयएस/आयईसी 60947-3 आणि डीसी-पीव्ही1 किंवा डीसी-पीव्ही2 छापलंय का? एकापेक्षा जास्त स्ट्रिंग समांतर जोडल्या असतील तर पीव्ही2 घ्या.

2. आपल्या स्ट्रिंगच्या व्होल्टेजला तो किती अँपिअर तोडतो? व्होल्टेज वाढलं की ही क्षमता घटते. नुसतं "32 अँपिअर" वाचून फसू नका, कंपनीचा तक्ता मागा. इन्व्हर्टरमध्येच स्विच असेल तर त्याचाही.

3. प्लस-मायनसचं बंधन आहे का? काही डीसी एमसीबी उलटे जोडले तर आर्क विझवत नाहीत. बंधन नसलेला स्विच घ्या.

4. डबा आयपी66 चा, सावलीत, हात पोहोचेल असा आहे का? केबल खालून ग्लँडमधूनच आत जायला हवी. बंद करून कुलूप लावता आलं तर उत्तम.

बंद करताना आधी एसी बाजू, मग डीसी. चालू लोडवर पॅनलचे कनेक्टर कधीही ओढू नका. आणि डीसी स्विच बंद केला तरी पॅनलपासून स्विचपर्यंतची वायर उन्हात जिवंतच असते. हे घरातल्यांना सांगा, आग लागली तर अग्निशमनवाल्यांनाही सांगा. डब्यावर मराठीत ठळक लिहून ठेवा.

लाखोंच्या सिस्टिममध्ये चांगल्या स्विचचा खर्च किरकोळ असतो. कोटेशनमध्ये नुसतं "डीसी स्विच" लिहिलेलं चालवून घेऊ नका, मेक आणि मॉडेल लिहून घ्या. ओळखीत कुणी सोलर बसवत असेल तर पावसाळ्याआधी ही पोस्ट त्याच्यापर्यंत पोहोचवा.