ब्याण्णव मिलिमीटरची गोष्ट

जपानी गाडी म्हटलं की आपल्या पिढीला आठवते ती १९८३ ची मारुती ८००. पण त्याच्या चौदा वर्षं आधी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, निस्साननं एक गाडी बाजारात आणली होती. जपानात तिचं नाव फेअरलेडी झेड, बाहेरच्या देशांत डॅटसन २४०झेड. लांब नाक, मागे उतरतं छप्पर, पुढे सहा सिलिंडरचं इंजिन. अमेरिकेत सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. पोर्श किंवा जॅग्वारची स्वप्नं बघणाऱ्या पण पगार बेताचा असलेल्या माणसाला ही लॉटरीच होती!

या गाडीवर भरपूर लिहिलं गेलंय. मी आज लिहिणार आहे ते तिच्यातल्या एका अगदी फुटकळ वस्तूबद्दल. क्लचची कॉलर. मुठीत मावणारा धातूचा गोल तुकडा, ज्याच्यावर रिलीज बेअरिंग बसवलेलं असतं. आता एवढ्याशा तुकड्यावर काय लिहायचं, असं वाटेल. पण पन्नास वर्षांची गाडी जिवंत राहते की अंगणात सडते, हे कधीकधी नेमकं त्याच्यावर ठरतं.

आधी थोडा इतिहास. त्या काळी निस्सानची अमेरिकेतली सूत्रं युताका कातायामा यांच्याकडे होती. हा माणूस १९०९ साली जन्मला आणि २०१५ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी गेला. 'फेअरलेडी' हे नाव अमेरिकेत कोणी मनावर घेणार नाही हे ओळखून त्यांनी गाड्यांवर २४०झेड अशी पाटी लावायला लावली. आकडा कुठून आला? तर २.४ लिटरच्या इंजिनावरून.

हे इंजिन म्हणजे निस्सानच्या काटकसरीचा नमुना आहे. १९६७ च्या डॅटसन ५१० मध्ये चार सिलिंडरचं एल१६ इंजिन होतं, १,५९५ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर, स्ट्रोक ७३.७ मिलिमीटर. २४०झेडचं एल२४ इंजिन काढून बघा: तोच व्यास, तोच स्ट्रोक, फक्त सिलिंडर चारऐवजी सहा. झाले २,३९३ सीसी! आम्ही सॉफ्टवेअरवाले 'रीयूज'च्या नावानं कॉन्फरन्स भरवतो, या मंडळींनी ते ओतीव लोखंडात करून दाखवलं होतं.

पुढे मात्र कुटुंब वाढत गेलं. अमेरिकेतले धुराचे नियम कडक झाले, ताकद कमी पडायला लागली, म्हणून १९७४ ला २६०झेड आली, २,५६५ सीसीची. १९७५ ला २८०झेड, २,७५३ सीसीची, कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली. मधेच चार माणसं बसणारी 'टू प्लस टू' आली, तिचा व्हीलबेस २,३०५ वरून २,६०५ मिलिमीटर झाला. गाडी लांबली, वजन वाढलं, मग जुना २२५ मिलिमीटरचा क्लच तिला पुरेना. तिच्यासाठी २४० मिलिमीटरचा क्लच आला. पुढे २८०झेडएक्स टर्बोलाही तोच मोठा क्लच लागला.

आता इथे खरी गंमत आहे. क्लच बदलला की प्रेशर प्लेटची उंची बदलते. पण गिअरबॉक्सचं घर तेच, आणि क्लच दाबणारा फोर्क ज्या टेकूवर झुलतो तो टेकूही जागचा हलत नाही. मग मधलं अंतर भरून कोण काढणार? कॉलर! प्लेट उंच असेल तर कॉलर बुटकी, प्लेट बुटकी असेल तर कॉलर उंच. निस्साननं वेगवेगळ्या प्लेटांसाठी वेगवेगळ्या उंचीच्या कॉलरी काढल्या. दोघींची बेरीज, म्हणजे फ्लायव्हीलला जिथे प्लेट बोल्टनं बसते तिथपासून ते कॉलरवर फोर्क टेकतो तिथपर्यंतचं अंतर, सुमारे ९२ मिलिमीटर आलं पाहिजे. झेडवाली मंडळी हा आकडा पाढ्यासारखा पाठ म्हणतात.

बेरीज कमी भरली तर फोर्कची सगळी चाल मोकळी जागा भरण्यातच संपते, पेडल तळाला टेकलं तरी क्लच सुटत नाही. बेरीज जास्त झाली तर उलटं. बेअरिंग सतत प्लेटच्या स्प्रिंगवर रेटून राहतं, क्लच घसरतो आणि शेवटी जळतो.

म्हणजे नियम एका ओळीचा आहे: कॉलर प्रेशर प्लेटच्या जोडीची घ्यायची, गिअरबॉक्सच्या जोडीची नाही. पण ही ओळ सुट्या भागांच्या यादीत कुठे सापडणार? निस्सानचा पार्ट नंबर पाच-पाच आकडे-अक्षरांच्या दोन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा सांगतो वस्तू कुठली: ३०१०० म्हणजे क्लच प्लेट, ३०२१० म्हणजे प्रेशर प्लेट, ३०५०१ म्हणजे कॉलर, ३०५०२ म्हणजे रिलीज बेअरिंग. दुसरा तुकडा सांगतो ती कुठल्या प्रकारची. पद्धत सुरेखच आहे. पण अमुक ३०२१० बरोबर तमुक ३०५०१ च चालेल, हे त्या नंबरात कुठेच लिहिलेलं नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा जोडी बरोबरच असते, म्हणून तेव्हा ते लिहायची गरजही नसते. गरज पडते ती चाळीस वर्षांनी, जेव्हा एका गाडीत तीन गाड्यांचे भाग येऊन बसलेले असतात.

आणि ते येऊन बसतातच. अमेरिकेत विकलेल्या २४०झेडला फक्त चार गिअर होते, त्यामुळे पुढे अनेकांनी भंगारातल्या २८०झेडएक्सचा पाच गिअरचा बॉक्स आणून बसवला. बाजारात मिळणाऱ्या क्लच किटमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असतं. कॉलर नसते. ती जुनीच परत वापरायची असते.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत. शिकायला म्हणून अमेरिकेत गेले आणि तिथलेच झाले. त्यांची १९७२ ची २४०झेड त्यांनी १९७६ साली जुनी घेतलेली. काकू त्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या. काकू गेल्यावर गाडी विकायचा विषय मुलांनी काढला की काका दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे. या गाडीतही टू प्लस टूचा पाच गिअरचा बॉक्स होता, आणि तो वर्षानुवर्षं छान चालला होता. क्लच झिजला तेव्हा ज्या गॅरेजला गाडी दिली त्यांनी प्लेट मागवली इंजिन बघून आणि कॉलर मागवली गिअरबॉक्स बघून. जुनी कॉलर भंगारात गेली. गिअर पडेना. मग मास्टर सिलिंडर बदलला, स्लेव्ह सिलिंडर बदलला, बिल वाढत गेलं. शेवटी 'गाडीचं वय झालं' असं सांगून ती टोइंग करून घरी पाठवली.

"अरे, आता पुरे झालं. कोणी नेत असेल तर देऊन टाकतो," काका फोनवर म्हणाले. आवाज ऐकूनच कळत होतं की देऊन टाकायची नाहीये.

म्हटलं, "काका, द्यायची तर द्या, पण एकदा मोजून तरी बघू."

दोन शनिवार घालवून आम्ही बॉक्स खाली उतरवला आणि व्हर्नियर लावला. बेरीज भरली ८६. सहा मिलिमीटर कमी! बाकी सगळं नवं कोरं आणि ठणठणीत. दोन तासांच्या अंतरावर एक म्हातारे झेडवाले होते, त्यांच्याकडे बुटाच्या खोक्यात कॉलरी भरून ठेवलेल्या, प्रत्येकीवर मार्करनं उंची लिहिलेली. पैसे घ्यायला तयार नव्हते. काकांनी बळंच दिले. पुढच्या रविवारी गाडी रस्त्यावर आली, आणि विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

कंपन्यांनाही हे उशिरा का होईना उमगलं. १९९७ च्या सुमारास निस्साननं अमेरिकेत काही जुन्या २४०झेड स्वतः नव्यासारख्या करून विकल्या, पण त्या भरल्या पन्नासच्याही आत. २०१७ मध्ये निस्साननं आर३२ स्कायलाइन जीटी-आरचे आणि माझदानं पहिल्या एमएक्स-५ चे भाग पुन्हा बनवायला घेतले. २०२० पासून टोयोटानंही जुन्या सुप्राचे आणि २०००जीटीचे भाग द्यायला सुरुवात केली. चांगलंच आहे. पण कंपनी भाग बनवेल तो लाडक्या गाड्यांचा. बाकीच्यांचं काय?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कुर्ल्याच्या प्रीमियरनं १९८० च्या दशकात ११८एनई काढली. पत्रा फियाट १२४ चा, इंजिन निस्सानचं ए१२, १,१७१ सीसीचं, म्हणजे डॅटसन १२०० वालं. इटालियन अंगात जपानी काळीज! तिच्या कुठल्या भागाला कुठला भाग चालतो ते कुठल्या पुस्तकात आहे? ते जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे. 'अमक्याची प्लेट बसते, पण बेअरिंग तमक्याचं घ्या' हे एक वाक्य म्हणजे वीस वर्षांचा अनुभव असतो, आणि तो माणूस गॅरेज बंद करून गावी गेला की तेही वाक्य त्याच्याबरोबर जातं.

वस्तू पुन्हा बनवता येते. जपानच्या एक्सेडीचे, म्हणजे पूर्वीच्या डायकिनचे, जुन्या झेडसाठीचे क्लच किट अजून मिळतात. त्याच कंपनीचा एक कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आहे. प्लेट छापायला यंत्रं आहेत. पण कुठली प्लेट कुठल्या कॉलरीबरोबर, हे यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं. त्या म्हाताऱ्या झेडवाल्यानं ते मार्करनं लिहून ठेवलं होतं, म्हणून एक गाडी वाचली.

तुमच्या ओळखीत असा कोणी मिस्त्री असेल तर या रविवारी वही घेऊन त्याच्याकडे जा. चहा त्याला तुम्ही पाजा.